सूप, चाळणी आणि विद्यापीठ



विद्यापीठाविषयी बोलायला आम्हांला उभे केले, याचे नवल तुमच्याइतकेच आम्हांलाही वाटते. आमचे शाळेतले शिक्षण नववीत संपले. पुढची विद्या आम्ही कारखान्याच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि नगरवाचनालयाच्या कोपऱ्यात मिळवली. परंतु जो विद्यापीठाची पायरी चढला नाही, त्यालाही विद्यापीठाला एक प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. कारण सरकारी विद्यापीठ त्याच्याही करातून चालते. प्रश्न असा, की तेथे जी विद्या निपजते ती कोणाची?

या प्रश्नाच्या मागे लागून आम्ही अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचा इतिहास वाचला. १८४८ साली ते राज्य संघराज्यात सामील झाले आणि त्याच वर्षी मॅडिसन गावी, मेंडोटा तळ्याच्या काठी, हे विद्यापीठ स्थापन झाले. राज्य शेतकऱ्यांचे आणि गवळ्यांचे. त्यामुळे विद्यापीठाच्या दारी येणारे प्रश्नही तसेच असत.

पहिला प्रश्न दुधाचा. दूध वजनावर विकले जाई. त्यात पाणी घालणारा किंवा साय काढून घेणारा मनुष्य प्रामाणिक शेतकऱ्याइतकाच पैसा उचली. १८९० साली तेथील स्टीफन बॅबकॉक यांनी एक साधी रीत शोधली. मोजलेल्या दुधात गंधकाम्ल घालायचे आणि बाटली यंत्रात गरगर फिरवायची. बाकीचे घटक विरघळतात, स्निग्धांश तेवढा बाटलीच्या मानेत चढतो. तेथल्या खुणांवर तो वाचायचा. बॅबकॉक यांनी याचे पेटंट घेतले नाही; रीत सर्वांना मोकळी ठेवली. दूध संघावर ‘आज फॅट किती लागली?’ असे विचारणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला या गोष्टीचे मोल समजावून सांगायला नको. नगावर काम करणाऱ्या कामगारालाही नको. मोजमाप दोघांच्या डोळ्यांसमोर झाले, की निम्मे भांडण तेथेच मिटते.

दुसरी गोष्ट इतकी सरळ नाही. १९२४ च्या सुमारास हॅरी स्टीनबॉक यांनी दाखवले, की खाद्यपदार्थांवर अतिनील किरण पाडले असता त्यांत ड जीवनसत्त्व तयार होते. मुडदुसाने पाय वाकलेली मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या शोधाचे महत्त्व कळेल. स्टीनबॉक यांनी पेटंट घेतले, पण स्वतःसाठी नव्हे. त्याचे उत्पन्न पुन्हा संशोधनाला मिळावे म्हणून १९२५ साली एक प्रतिष्ठान निघाले. हेतू चांगला होता. परंतु मार्गारीन, म्हणजे वनस्पतिजन्य लोणी, करणाऱ्यांना या प्रतिष्ठानाने परवाना नाकारला. लोण्याच्या राज्यात लोण्याला प्रतिस्पर्धी नको होता; आणि मार्गारीन खात होते गरीब लोक. १९४५ साली अपील न्यायालयाने ही पेटंटे अवैध ठरवली आणि या परवान्याच्या प्रकरणावरही बोट ठेवले. तात्पर्य, हेतू शुद्ध असला तरी किल्ली कोणाच्या हाती आहे, हे पाहावेच लागते.

तिसरा प्रश्न तर शब्दशः दारी आला. १९३३ च्या फेब्रुवारीत एक शेतकरी बर्फाच्या वादळातून सुमारे २०० मैल मोटार हाकीत मॅडिसनला पोहोचला. बरोबर मेलेली कालवड, न गोठणाऱ्या रक्ताने भरलेली दुधाची कॅन आणि बुरशी आलेल्या गवताचा भारा. सुटीची वेळ, सरकारी कचेरी बंद. उघडे दार सापडले ते कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेचे. ते गवत जनावरांना घालू नका, यापलीकडे लिंक त्या दिवशी फारसे काही सांगू शकले नाहीत. पण प्रश्न त्यांनी सोडला नाही. सहा वर्षांनी, १९३९ साली, त्या गवतातले रक्त पातळ ठेवणारे द्रव्य हाती आले. त्याच्याच कुळातले वॉरफरिन १९४८ साली उंदरांचे विष म्हणून बाजारात आले आणि पुढे माणसांच्या हृदयविकारावर औषध ठरले.

हा झाला प्रयोगशाळेचा इतिहास. आता व्याख्यानाच्या दालनाचा.

१८९४ साली अर्थशास्त्राचे प्राध्यापक रिचर्ड इली यांच्यावर राज्याच्या शिक्षणाधिकाऱ्याने जाहीर आरोप केला, की ते संपाला आणि कामगार संघटनांना उत्तेजन देतात. संघटनेच्या एका फिरत्या प्रतिनिधीचा त्यांनी घरी पाहुणचार केला, असाही आरोप होता. चौकशी झाली. इली निर्दोष ठरले. विद्यापीठाच्या नियामकांनी निवेदन काढले : सत्य सापडायचे असेल तर विद्यापीठाने न भिता चाळत आणि पाखडत राहिले पाहिजे. १९१० साली बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांनी ते शब्द धातूच्या फलकावर कोरून घेतले. नियामकांनी आधी फलक नाकारला. १९१५ साली तो भिंतीवर बसला.

ही कथा आम्ही प्रथम वाचली तेव्हा आमचा ऊर भरून आला. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा एक खडा दाताखाली आला. इली सुटले कसे? त्यांनी आरोप नाकारले. आणि ते खरे असते तर आपण या पदाला नालायक ठरलो असतो, असेही सांगितले. म्हणजे विचारस्वातंत्र्याचा तो थोर फलक लागला खरा, पण आमच्यासारखा एक फिरता प्रतिनिधी उंबऱ्याबाहेर ठेवून. आम्ही स्वतः अशा अनेक उंबऱ्यांवर उभे राहिलो आहोत. म्हणून आम्हांला तो दिसला.

मात्र तोही पुढे आत आला. इलींचे शिष्य जॉन कॉमन्स १९०४ साली तेथे प्राध्यापक झाले. कामगारांच्या नुकसानभरपाईचा १९११ चा कायदा आणि बेकारी विम्याचा १९३२ चा देशातला पहिला कायदा यांमागे त्यांचा आणि त्यांच्या शिष्यांचा हात होता. १९२५ साली कारखान्यांतल्या स्त्रिया उन्हाळी वर्गासाठी त्याच आवारात आल्या. १९७० च्या वसंतात शिकता शिकता शिकवणाऱ्या साहाय्यक अध्यापकांनी संघटनेच्या झेंड्याखाली संप करून करार मिळवला. आणि २०११ साली राज्याने बहुतेक सरकारी नोकरांचा सामुदायिक वाटाघाटीचा हक्क जवळजवळ काढून घेतला, तेव्हा विधानभवनात ठिय्या देणाऱ्यांत हीच संघटना पुढे होती. तो हक्क त्या लढ्यात वाचला नाही, हेही सांगितले पाहिजे.

मंडळी, सूप हाती घेणारी बाई दाणा आणि फोलपट वेगळे करते. पण सुपात काय घ्यायचे हे आधी कोणीतरी ठरवलेले असते. विस्कॉन्सिनमध्ये कधी शेतकऱ्याने मेलेली कालवड आणून ते ठरवले, कधी कामगार स्त्रियांनी वर्गात बसून. आपल्या विद्यापीठांच्या दारीही आपण प्रश्न घेऊन गेले पाहिजे : गिरणीतल्या धुळीचा, सांडपाण्याचा, कंत्राटी मजुरीचा. दार बंद असेल तर दुसरे ठोठवावे.