खाडीसाठी जागा ठेवलेलं शहर

आपल्या गावांजवळ रस्त्याकडेला आता प्लॉट पडू लागलेत. कालपर्यंत जिथं भात होता, तिथं आज चुन्याच्या रेघा दिसतात. म्हणून आज गोष्ट सांगते नवी मुंबईची. ते शहरही गावांच्या शेतांवरच उभं राहिलं.

मुंबईत माणसं मावेनात, तेव्हा 1965 साली चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता या तिघांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पना मांडली. 1970 मध्ये त्यासाठी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली 95 गावं त्या आराखड्यात आली.

ती जमीन काही रिकामी नव्हती. तिथं आगरी-कोळ्यांची भातशेती होती, मिठागरं होती. बायका चिखलात उतरून खेकडे, निवट्या, कालवं काढायच्या. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध घातलेले असत आणि बांधात उघाडी असे. भरतीला उघाडी बंद राही, ओहोटीला पावसाचं पाणी तिच्यातून खाडीत जाई.

शहर बांधताना हाच प्रश्न पुन्हा आला. वाशी, नेरूळ, बेलापूरकडची बरीच जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. सगळीकडे उंच भराव घालणं परवडणारं नव्हतं. मग खाडीच्या कडेला मोठे धारण तलाव राखले. भरतीच्या वेळी झडपा बंद होतात आणि नाल्यांचं पाणी तलावात थांबतं. ओहोटी लागली की ते खाडीत उतरतं. म्हणजे उघाडीचीच रीत, फक्त मोठी केलेली.

पुढं तलावांत गाळ साचला, तिवरं उगवली. तिवरं भरतीच्या लाटांचा जोर मोडतात, त्यांच्या मुळांत मासळीची पिल्लं वाढतात. 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिवरं तोडायला आणि त्यांच्यापासून 50 मीटरच्या आत बांधकाम करायला मनाई केली. त्यामुळं आता गाळ काढायचा तरी पेच पडतो. सांभाळ पहिल्या दिवसापासून लागतो, तो असा.

आणि माणसांचं काय झालं? जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा झाला. जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात पोलीस गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतर कुठं साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली. पाण्यासाठी जागा आराखड्यातच ठेवली होती. गावकऱ्यांना मात्र आपल्या वाट्यासाठी रक्त सांडावं लागलं.

घरं तर हवीतच. आपलीही मुलं शहरात खोली शोधतात. पण ओढ्यात भराव पडला की पाणी घरात शिरणारच. आपल्याकडे ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. पुढच्या सभेत तिथं तीन गोष्टी विचारा: प्लॉटच्या नकाशात ओढा दाखवलाय का? गायरान आणि तळं कुठं आहे? पावसाचं पाणी कुठून जाणार? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या आणि मगच सही करा.