मुक्तद्वार: जुने आणि नवे

ग्रंथालयशास्त्राच्या मराठी वर्गांत ‘मुक्तद्वार’ हा शब्द फार जुना आहे. वाचकाने चिठ्ठी द्यायची आणि शिपायाने आतून पुस्तक आणायचे, ही बंदिस्त पद्धत. वाचकाने स्वतः कपाटांमधून हिंडायचे, हवे ते काढायचे, शेजारचेही चाळायचे, हे मुक्तद्वार. ग्रंथ वापरण्यासाठी असतात, हे ग्रंथालयशास्त्राचे पहिले सूत्र 1931 साली मांडताना रंगनाथनांनी साखळ्यांनी बांधून ठेवलेल्या युरोपातल्या ग्रंथांची आठवण करून दिली होती.

मुक्तद्वार हा शब्द ‘ओपन ॲक्सेस’ या ज्या इंग्रजी शब्दांवरून आला, तेच शब्द फेब्रुवारी 2002 मध्ये बुडापेस्टच्या जाहीरनाम्याने नव्या अर्थाने उचलले. संशोधनपर लेख इंटरनेटवर कुणालाही मोफत वाचता, उतरवून घेता, वाटता यावा. लेखकाचे श्रेय तेवढे राखले जावे. मराठीत याला कोणी ‘मुक्त प्रवेश’ म्हणते, कोणी ‘खुली उपलब्धता’. मला मात्र जुना ‘मुक्तद्वार’ हाच शब्द जवळचा वाटतो. कपाटांची कुलपे काढणे पाच मिनिटांचे काम असते, हे मुक्तद्वार सुरू केलेला प्रत्येक ग्रंथपाल जाणतो. खरे काम दुसऱ्या दिवशी सुरू होते: पुस्तके भलत्याच कप्प्यात गेलेली असतात, पाठीवरचे वर्गांक पुसट होतात, आणि जागेवर नसलेले पुस्तक हरवल्यातच जमा असते. डिजिटल मुक्तद्वाराचेही असेच आहे. या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुढची प्रकरणे सोपी जातील.

पैशाची बाजू थोडक्यात सांगतो, कारण तिच्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. संशोधनाला अनुदान सरकारचे, लेखांचे परीक्षण प्राध्यापक विनामूल्य करणार, आणि छापून आलेला लेख त्यांच्याच विद्यापीठाने वर्गणी भरून परत विकत घ्यायचा, असा हा व्यवहार आहे. त्यावरचा ‘लेखकानेच शुल्क भरावे’ हा उपाय दुखण्यापेक्षा जड झाला. ‘नेचर’ने 2021 पासून त्यासाठी 9,500 युरो ठेवले, 37,000 रुपये महिना मिळवणाऱ्या आपल्या कनिष्ठ संशोधकाची ही जवळजवळ दोन वर्षांची शिष्यवृत्ती झाली. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेला मंजुरी दिली: तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिके. आडगावच्या सरकारी महाविद्यालयाला त्यातून जे मिळेल, ते त्याला आजवर कधी मिळाले नव्हते. योजनेचे स्वागतच आहे, पण हे मुक्तद्वार नव्हे. ही फाटकाच्या आतल्यांसाठी केलेली ठोक खरेदी आहे. निवृत्त प्राध्यापक, पत्रकार, घरी बसून इतिहास लिहिणारा अभ्यासक अजून फाटकाबाहेरच उभे आहेत.

आपल्या घरचा भक्कम प्रयोग म्हणजे शोधगंगा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांनी पीएच.डी.च्या प्रबंधाची डिजिटल प्रत जमा करणे बंधनकारक केले आणि त्या प्रती इन्फ्लिबनेटने एका जागी आणल्या. (इन्फ्लिबनेटचा जन्म 1991 मध्ये पुण्याच्या आयुकामध्ये एक प्रकल्प म्हणून झाला. ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्यांच्या घरी ग्रंथालयांचे जाळे वाढले, याची मला अजून गंमत वाटते.) पूर्वी प्रबंध पाहायचा तर त्या विद्यापीठात जावे लागे, ओळखपत्र दाखवावे लागे आणि ग्रंथपालाचा स्वभावही बरा असावा लागे. आता तो घरबसल्या उघडतो.

पण उघडतो म्हणजे सापडतो असे नाही, आणि मराठीचे दुखणे नेमके इथे आहे. आपले कितीतरी प्रबंध युनिकोडच्या आधीच्या फाँटांत टाइप झाले. पडद्यावर देवनागरी दिसते, पण संगणकाच्या पोटात रोमन अक्षरेच साठवलेली असतात. त्या मजकुराची नक्कल करून दुसरीकडे चिकटवली की अगम्य चिन्हांची रांग उमटते. ‘बलुतेदारी’ असा शोध घेणाऱ्याला बलुतेदारीवरचा अख्खा प्रबंधही मग लागत नाही. कुठे पानांची नुसती छायाचित्रेच असतात. शीर्षक रोमन लिपीत नोंदवले असेल तर आणखी घोळ: ज्ञानेश्वर हे नाव एकजण ‘डी’ने सुरू करतो, दुसरा ‘जे’ने, तिसरा ‘जी’ने. कुलूप कुठेच नसते, पण पुस्तक भलत्या कप्प्यात असते.

म्हणून मेटाडेटा, म्हणजे नोंदींची शिस्त, हे या विषयातले सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत मोलाचे प्रकरण आहे. डब्लिन कोअरची मूळ पंधरा क्षेत्रे पाहून विद्यार्थी म्हणतात, ही तर आपली तालिका-पत्रिकाच! बरोबर आहे, तीच आहे. मुंबईच्या वा नांदेडच्या यंत्राने केलेली नोंद जगातल्या दुसऱ्या यंत्राला वाचता यावी, एवढीच भर. कायमस्वरूपी ओळखक्रमांकाचे तत्त्वही वर्गांकासारखेच: इमारत बदलली, संकेतस्थळ बदलले, तरी वस्तूचा पत्ता हरवू नये.

साधने महाग नाहीत. ग्रंथालयाचे कामकाज सांभाळणारे कोहा हे सॉफ्टवेअर न्यूझीलंडच्या एका छोट्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी तयार झाले. माओरी भाषेत त्या शब्दाचा अर्थ भेट. डिजिटल भांडार उभारण्याचे डीस्पेस 2002 मध्ये एमआयटी आणि ह्यूलेट-पॅकार्डने खुले केले. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने त्याच डीस्पेसवर जुने, दुर्मीळ ग्रंथ सर्वांना वाचायला ठेवले आहेत. पण फुकट मिळालेल्या साधनालाही सांभाळणारा माणूस लागतो. मी पाहिलेल्या एका महाविद्यालयात हौसेने उभारलेले भांडार दोन वर्षे उत्तम चालले. मग सगळे जाणणारा तरुण नोकरी सोडून गेला, पासवर्ड कुणाकडेच नव्हता, आणि एका पावसाळ्यात सर्व्हर बंद पडला. बॅकअप त्याच खोलीत, त्याच टेबलाखाली होता. आपल्याकडे इमारतीला निधी मिळतो, पदाला मिळत नाही. ग्रंथपालांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवून डिजिटल ग्रंथालयाची उद्घाटने करणे मला तरी थट्टाच वाटते.

पुढची प्रकरणे वाचण्याआधी एक करून पाहा. आपल्या विद्यापीठात मराठीत लिहिला गेलेला, तुमच्या माहितीतला एक प्रबंध निवडा. शोधगंगेवर त्याचे शीर्षक देवनागरीत टाइप करा, मग त्यातला एखादा नेमका शब्द. दोन्ही वेळा तो सापडला, तर त्याची नोंद करणाऱ्या ग्रंथपालाला फोन करून धन्यवाद द्या. नाही सापडला, तर कुठे अडले ते वहीत लिहून ठेवा आणि ती वही घेऊन पहिल्या प्रकरणाकडे या.