गोष्ट आणि कोश

अपरिचित शब्द भेटला कीं आपण कोश उघडतों. परंतु कोशांत शब्द एकटा असतो. त्याचे सोयरेधायरे भेटतात ते गोष्टींत. छापील मराठी गद्याच्या आरंभाशींच या अनुभवाचा संबंध आहे. तो कसा, हें आज पाहूं.

१८०० सालीं कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज निघालें. विलायतेहून आलेले कंपनी सरकारचे तरुण अधिकारी तेथें देशी भाषा शिकत. मराठी शिकविण्याचें काम विल्यम केरी यांच्याकडे आलें. वैजनाथ पंडितांच्या साहाय्यानें त्यांनीं १८०५ सालीं व्याकरण व १८१० सालीं कोश प्रसिद्ध केला. कोशांतील मराठी शब्द मोडींत छापले होते. कारण दफ्तराचा व्यवहार मोडींतच चाले.

व्याकरण झालें, कोश झाला, तरी तेवढ्यानें भागलें नाहीं. १८१४ सालीं श्रीरामपूरच्या छापखान्यांतून ‘सिंहासनबत्तिशी’ बाहेर पडली व पुढील वर्षीं ‘हितोपदेश’. हीं पुस्तकें मुख्यतः या परक्या विद्यार्थ्यांसाठीं होतीं.

‘सिंहासनबत्तिशी’ची रचना या कामास फार सोयीची आहे. भोजराजा सिंहासनावर बसूं जातो. एक पुतळी त्यास अडवून विक्रमाची गोष्ट सांगते आणि ‘एवढें औदार्य अंगीं असेल तरच बैस’ अशा अर्थाचें बजावते. असें बत्तीस वेळां घडतें. प्रसंग नवे, पण मुख्य शब्द तेच. कोश ‘औदार्य’ शब्दापुढें एखादा प्रतिशब्द ठेवून मोकळा होतो. गोष्टींत मात्र कष्टानें मिळविलेली अद्भुत वस्तु विक्रम वाटेंत भेटलेल्या गरजवंतास देऊन टाकतो, आणि त्या शब्दाचा अर्थ वाचकाच्या मनांत कायमचा ठसतो.

हा केवळ पाठशाळेचा प्रश्न नव्हता. १८१८ सालीं पेशवाई संपली आणि इंग्रज अधिकाऱ्यांपुढें मराठी मुलखांतील तंटे येऊं लागले. ‘वतन’ हाच शब्द घ्या. त्यांत जमीन आहे, हक्क आहेत, चाकरी आहे आणि गांवांतील मानपानहि आहे. त्याचा अर्थ नुसता ‘जमीन’ असा करणाऱ्या न्यायाधीशास फिर्यादीचें निम्में दुःख कळणारच नाहीं. पुढें १८३१ सालीं मोल्सवर्थचा कोश निघाला. त्यांत प्रतिशब्दांबरोबर म्हणी, वाक्प्रचार व शब्दांचे उपयोगहि आले. जणूं कोशानेंच गोष्टीकडून धडा घेतला.

याच सुमारास प्रवाह उलटहि वाहूं लागला. १८२८ सालीं सदाशिव काशीनाथ छत्रे यांची इसापनीति मुंबईस प्रसिद्ध झाली आणि परदेशच्या गोष्टी मराठी मुलांच्या हातीं आल्या. पशुपक्षी ओळखीचे असल्यानें त्यांच्या तोंडचा नवा शब्दहि मुलांस फारसा परका वाटला नसावा.

अर्थात् गोष्टीवरून केलेला तर्क कधीं चुकतोहि. तेव्हां कोशाची साक्ष हवीच. प्रश्न क्रमाचा आहे. घरीं मुलांस गोष्ट वाचून दाखवितांना प्रत्येक कठीण शब्दापाशीं थांबूं नये. गोष्ट पुरी होऊं द्यावी, मग त्या शब्दाचा अर्थ काय वाटला तें मुलासच विचारावें, आणि त्याचें उत्तर ऐकून मग कोश उघडावा.