जाफर यांच्या घरचं जेवण

इ.स. 629. आजच्या जॉर्डनमधल्या मुअता इथं बायझंटाईन फौजेशी लढताना प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चुलत भाऊ हजरत जाफर (रजि.) शहीद झाले. प्रेषित स्वतः मदिनेत त्यांच्या घरी गेले. पत्नी अस्मा (रजि.) यांनी पीठ मळून ठेवलं होतं, मुलांना आंघोळ घातली होती. प्रेषितांनी मुलांना जवळ घेतलं आणि त्यांचे डोळे वाहू लागले. अस्मांनी विचारलं, जाफरची काही खबर आली का? मग त्यांनी खबर सांगितली. आपल्या घरच्यांना त्यांनी सांगितलं, जाफरच्या घरी जेवण पाठवा. त्यांना आज कशाचीच शुद्ध नाही.

ताजियतची, म्हणजे सांत्वनाची, रीत ही अशी. चूल शेजाऱ्याची पेटायची, घास दुःखी घरात जायचा. आपल्याकडे हिंदू शेजारी सुतकाच्या घरी पिठलं-भाकरी नेतात, तो ‘कडू घास’ही हेच सांगतो.

मग चार महिने दहा दिवसांच्या इद्दतमध्ये बसलेल्या बाईच्या घरानं चाळिसाव्याला उधारी करून गावाला बिर्याणी का घालायची? ताजियतला जाताना डबा न्यावा. जेवून येऊ नये.