ओल्ड कॅथलिक चर्च, नेदरलँड्स

रोमच्या अधिकाराबाहेरचे, उट्रेख्ट येथे केंद्र असलेले छोटे कॅथलिक चर्च. धर्मगुरूंना विवाहाची मुभा आणि स्त्रियांना पौरोहित्य यांमुळे ते पुरोगामी म्हणून ओळखले जाते. मात्र या पुरोगामीपणाचे मूळ एका जुन्या हक्कात आहे. आपला बिशप आपणच निवडण्याचा स्थानिक धर्मगुरूंचा अधिकार रोमने अमान्य केला, तेव्हा उट्रेख्टकरांनी १७२३ मध्ये कॉर्नेलिस स्टीनोव्हेन यांची निवड केली. १५ ऑक्टोबर १७२४ रोजी अॅम्स्टरडॅममध्ये डोमिनिक व्हार्ले या एकट्या फ्रेंच बिशपांनी त्यांना दीक्षा दिली. पोपने बहिष्कार घातला, तरी बिशपांची परंपरा टिकली. १८७० मध्ये पोपच्या अस्खलनशीलतेचा सिद्धांत जाहीर झाल्यावर तो नाकारणारे जर्मन व स्विस कॅथलिक तिच्याशी जोडले गेले आणि १८८९ मध्ये ‘युनियन ऑफ उट्रेख्ट’ स्थापन झाली.

सक्तीचे ब्रह्मचर्य १९२० च्या दशकात गेले. १९९९ पासून स्त्रियांना दीक्षा मिळू लागली. ही परंपरेशी फारकतच, असा आक्षेप अमेरिकेतील पोलिश नॅशनल कॅथलिक चर्चने घेतला व २००३ मध्ये ते युनियनबाहेर पडले. आक्षेप गंभीर आहे, कारण त्याची किंमत ऐक्याने मोजली. परंतु सात संस्कार आणि बिशपपदाची अखंड परंपरा येथे अबाधित आहे. बदल झाला तो धर्मगुरू व सामान्य श्रद्धावंत एकत्र बसतात त्या धर्मसभेत, दीर्घ चर्चेनंतर. ज्या सामुदायिक निर्णयाच्या हक्कासाठी अठराव्या शतकात बहिष्कार पत्करला, त्याचाच हा वापर होय.