मुलांचा आहार आणि शरीरातला दाह : प्रस्तावना

गुडघा खरचटला की ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि काही दिवसांत खपली धरून बरी होते. हा दाह मुलाच्या भल्याचाच असतो. प्रस्तुत विषयातला दाह मात्र वरून दिसत नाही. काम संपल्यावरही तो शमत नाही, रक्तात मंदपणे रेंगाळतो आणि तपासणीशिवाय कळत नाही. मोठ्यांपेक्षा मुलांच्या बाबतीत त्याचा विचार वेगळा करावा लागतो. खाल्लेल्या अन्नातूनच मुलाला रोजची शक्ती मिळवायची असते, उंचीही गाठायची असते आणि हाडेही भरायची असतात. दाह चिवट झाला की या वाढीलाच खीळ बसते.

या अभ्यासाला मोजमापाचा आधार १९३० साली मिळाला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात एक प्रथिन आढळले. तेच आजचे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे तपासणीच्या कागदावरचे सीआरपी. यकृतात तयार होणारे हे प्रथिन दाह वाढला की वाढते. साध्या सर्दी-तापानेही ते चढते, ही गोष्ट वाचकांनी आरंभीच ध्यानात ठेवावी; पुढे अनेक ठिकाणी ती उपयोगी पडेल.

प्रवेश कुठून करावा, असे कोणी विचारले तर मी क्रोन्स या आतड्याच्या आजाराकडे बोट दाखवीन. आहाराने दाह शमतो याचा मुलांमधला सर्वांत भक्कम पुरावा तिथे आहे. सहा ते आठ आठवडे मुलाला नेहमीचे जेवण पूर्ण बंद करून फक्त पोषक द्रवआहार देतात. घरात सगळे जेवायला बसलेले असताना मुलाने पेल्यातले दुधासारखे पेय पिऊन उठायचे, हे सोपे नाही. पण बहुतेक मुलांचा आजार त्याने आटोक्यात येतो, स्टेरॉइड टळते आणि खुंटलेले वजन वाढू लागते. युरोपातील बालपचनविकारतज्ज्ञ आतड्याचा दाह असलेल्या क्रोन्सच्या मुलांसाठी हा उपचार अग्रक्रमाने सुचवतात. २०१९ मध्ये आरी लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी द्रवआहाराला भात, बटाटा, अंडी, चिकन, केळी, सफरचंद अशा निवडक पदार्थांची जोड दिली, आणि मुलांना हा मार्ग अधिक सोसवला.

त्यानंतर लठ्ठपणाकडे वळावे. चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे, तिच्यातून दाह वाढवणारी द्रव्ये स्रवतात, हे १९९३ पासूनच्या संशोधनाने दाखवून दिले. अमेरिकेतील ८ ते १६ वर्षांच्या मुलांच्या पाहणीत जादा वजनाच्या मुलांमध्ये वाढलेले सीआरपी अधिक आढळले. तो अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे मात्र नुसत्या वजनावरून अंदाज बांधता येत नाही. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली नवजात बाळे सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधल्या बाळांहून बरीच लहान. तरीही त्यांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. किडकिडीत दिसणाऱ्या मुलाकडेही जगाने नव्या नजरेने पाहावे, हे पुण्याच्या या कामाने शिकवले. त्याचा अभिमान आपण जरूर बाळगावा.

दाहाचे लोहाशी असलेले नाते त्याहून कमी परिचित आहे. दाह असताना यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक जास्त सोडते. मग आतड्यातून लोह कमी शोषले जाते आणि साठ्यातले लोह साठ्यातच अडकते. त्याच वेळी लोहाचा साठा दाखवणारे रक्तातले फेरिटिन वाढते आणि लोह पुरेसे असल्याचा भास होतो. म्हणूनच २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात भारतातल्या मुलांचे फेरिटिन तपासताना सीआरपीही मोजले गेले. पालेभाजी, गूळ आणि लोहाच्या गोळ्या देऊनही एखाद्या मुलीचे हिमोग्लोबिन का वाढत नाही, याची अनेक कारणे असू शकतात. त्यातले एक इथे सापडते.

रोजच्या ताटाबद्दल शास्त्र काय सांगते? ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, फळे, भाज्या यांतला तंतू मोठ्या आतड्यातले जीवाणू आंबवतात. त्यातून तयार होणारे ब्युटिरेट आतड्याच्या अस्तराला पोसते. २०१४ मध्ये साउथ कॅरोलिना विद्यापीठातील संशोधकांनी आहाराच्या दाहकतेचा सुधारित निर्देशांक मांडला. त्यातल्या ४५ घटकांत हळद, लसूण आणि कांदाही आहेत. पण निर्देशांक संपूर्ण आहार जोखतो, एकट्या हळदीचे गुणगान करत नाही. एखादा पदार्थ दाह घालवतो असा दावा वाचलात, तर तीन प्रश्न विचारा : तो कोणत्या वयाच्या मुलांवर तपासला? नेमके काय मोजले? आणि त्या पदार्थाने ताटातल्या कशाची जागा घेतली? बिस्किटाच्या जागी मूठभर शेंगदाणे आले, तर गुण शेंगदाण्याचा की बिस्किट गेल्याचा, हे पाहावेच लागते.

मूल आजारी असेल, तर मनाने पथ्ये लादू नका. वाढत्या वयात अन्न तोडण्याची किंमत मोठी असते. डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्या सल्ल्यानेच पुढे जा. बाकी हे क्षेत्र तुमचेही आहे. पालक, शिक्षक, अंगणवाडी सेविका, वैद्यकाचे विद्यार्थी, सर्वांना इथे करण्याजोगे काम आहे, कारण मुलांचे ताट शेवटी यांच्याच हातून वाढले जाते.