'वाचा गेली' : एक शब्दप्रयोग आणि मेंदूतील दोन केंद्रे

कोडोलीस काय किंवा पुण्यास काय, झटका येऊन मनुष्य बोलेनासा झाला की 'त्याची वाचा गेली' असे म्हणतात. या प्रयोगात वाचा ही एकसंध वस्तू मानली आहे. प्राचीन वैद्यकात तर चरकसंहिता चेतनेचे स्थान हृदय मानते. भेलसंहिता मात्र मनाला मस्तक व टाळू यांच्यामध्ये जागा देते.

या एकसंध कल्पनेला तडा गेला तो १८६१ मध्ये, पॅरिस येथे. पॉल ब्रोका याच्या लबोर्न्य नामक रुग्णाला दुसऱ्याचे बोलणे बरेचसे समजे, पण 'तां' या अक्षराखेरीज त्याच्या तोंडून जवळजवळ काहीच निघत नसे. मृत्यूनंतर त्याच्या डाव्या अग्रखंडाच्या खालच्या भागात विकृती आढळली. (२००७ मध्ये त्याच मेंदूच्या चुंबकीय प्रतिमा घेतल्या, तेव्हा इजा ब्रोकाच्या समजुतीपेक्षा पुष्कळ खोल गेलेली दिसली.) १८७४ मध्ये कार्ल व्हेर्निके याने उलट प्रकार वर्णिला: वाणी अस्खलित, परंतु शब्द भरकटलेले आणि ऐकलेले आकळत नाही. येथे दोष डाव्या शंखखंडाच्या वरच्या, मागील भागात होता.

पहिल्या प्रकारात उजवा हात बहुधा लुळा पडतो, त्यामुळे घरच्यांना रोग दिसतो. दुसऱ्यात हातपाय पुष्कळदा धड असतात. रुग्ण बोलतच असल्याने 'वाचा गेली' म्हणण्याची सोय नाही. तो भ्रमिष्ट ठरतो आणि वैद्याऐवजी देवऋषी गाठला जातो. 'वाचाघात' या रूढ संज्ञेतही आकलनाचा घात झाकलेलाच राहतो.